चार साक्षीदार आणि मुरमाचा उतार

मित्राने घेतलेली फोर-बाय-फोर वीस वर्षांची आहे आणि हा तिचा तिसरा संसार. गाडी दाखवताना त्याने आधी बॉनेट उघडलं, मग मला खाली वाकवून चॅसी दाखवली आणि सगळ्यात शेवटी, तिजोरीतला दागिना दाखवावा तसं, स्टिअरिंगखाली बोट नेलं. तिथे एक काळं टॉगल बटण होतं. कंपनीचं नव्हे, इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतं तसलं. शेजारी चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर आधीच्या मालकाने बॉलपेनने लिहिलेले दोन शब्द. एका अंगाला ‘डांबर’, दुसऱ्या अंगाला ‘माती’.

बटण मातीकडे केलं की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा. एबीएस बंद.

मी चक्रावलो. एबीएस म्हणजे करकचून ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. आपल्याकडे नव्या मोटारींना आणि १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना ती २०१९च्या एप्रिलपासून सक्तीची आहे, ती उगाच नाही. असं जीव वाचवणारं यंत्र बंद करता यावं म्हणून कुणी वायरमनला पैसे देऊन बटण बसवून घेतो? मित्रालाही नीटसं माहीत नव्हतं. ‘ऑफ-रोडला लागतं म्हणे,’ एवढंच तो म्हणाला, आणि बटण डांबराकडे ठेवून आम्ही निघालो.

दुपारी वेल्ह्याच्या पुढे एका शेतरस्त्यावर आम्हाला उत्तर मिळालं. पावसाळा नुकताच सरलेला, वरचा चिखल वाळून खाली नुसता सुटा मुरूम राहिलेला, आणि समोर बऱ्यापैकी उतार. मित्र दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला लागला. गाडीने थोडा वेग घेतला, त्याने ब्रेक दाबला आणि पायाखालून ‘कर्रर्रर्र’ असा आवाज आला. पेडल त्याच्या पायाला उलट ढकलू लागलं. त्याने आणखी जोर लावला, पेडल आणखी थरथरलं, आणि गाडी, ब्रेकवर माणूस जवळजवळ उभा असताना, आरामात खाली जात राहिली. पळाली नाही, घसरली नाही, स्टिअरिंगही ऐकत होतं. फक्त थांबत नव्हती. शेवटी त्याने तिला डाव्या बाजूच्या मातीच्या बांधात घातलं. गाडीचा बंपर आणि आमचे चेहरे सोडले तर कुणाचं काही बिघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या काकांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाले, ‘दादा, गाडीला वाटतंय तुम्ही हायवेवर आहात. खाली मुरूम आहे हे तिला कोण सांगणार?’

पुढचे पंधरा दिवस माझं डोकं त्या एका वाक्याभोवती फिरत राहिलं.

सुरुवात चाकापासूनच करावी लागते. हायवेवरून ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीच्या टायरचा जो तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो, तो त्या क्षणी रस्त्याच्या तुलनेत स्थिर असतो. जवळजवळ उभाच. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रस्त्याकडेला थांबून जाणाऱ्या गाड्यांची चाकं बघत बसलो होतो. आपण चालतो तेव्हा अंग पुढे जातं पण टेकलेलं पाऊल जागचं हलत नाही, तसंच हे. चाक म्हणजे न संपणारी पावलं. आणि टेकलेल्या पावलाची पकड घसरत्या पावलापेक्षा जास्त असते, हे शेवाळलेल्या पायऱ्यांवरून उतरलेल्या कुणालाही सांगायला नको.

ब्रेक लागला की हे पाऊल किंचित फरफटू लागतं. गाडी शंभर मीटर जाते तेव्हा चाक ऐंशी-नव्वद मीटरांपुरतंच फिरलेलं असतं. ही दहा-वीस टक्क्यांची तफावत म्हणजे कडक रस्त्यावर ब्रेकचा सर्वात गोड बिंदू: पकड इथेच सगळ्यात जास्त मिळते. याच्या पुढे गेलात, चाक पार थांबवलंत, तर रबर नुसतं घासत जातं. पकड घटते आणि त्याहून वाईट म्हणजे स्टिअरिंग मरतं, कारण घसरणाऱ्या टायरला डावं-उजवं काही कळत नाही. तो ज्या दिशेने चाललाय तिकडेच जाणार.

त्या गोड बिंदूवर चाकाला धरून ठेवायचं काम एबीएसचं. कसलेला गाडीवान बैलाचा कासरा एकदम ओढून धरत नाही, ओढतो, सैल सोडतो, परत ओढतो. एबीएस हेच एका सेकंदात दहा-पंधरा वेळा करतं, तेही प्रत्येक चाकाचा वेगळा कासरा धरून. पायाखालची ती थरथर म्हणजे तेलाच्या नळीतल्या झडपांची उघडझाप.

ही कल्पना विमानांतून आली. डनलप कंपनीचं मॅक्सारेट नावाचं यंत्र १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला विमानांच्या चाकांना बसू लागलं. त्यात इलेक्ट्रॉनिक काही नव्हतं. चाकाबरोबर फिरणारं एक जड छोटं चक्र होतं. चाक अचानक जाम व्हायला लागलं की हे चक्र स्वतःच्या जोरावर पुढे निघून जाई आणि त्या फरकाने ब्रेकची झडप उघडे. हेच यंत्र घेऊन १९६६ साली इंग्लंडमध्ये जेन्सन एफएफ ही मोटार विकायला आली. योगायोग बघा, चाकं जाम न होऊ देणारे ब्रेक आणि फोर-व्हील ड्राइव्ह या दोन्ही गोष्टी त्या एकाच गाडीत होत्या. नावातला दुसरा ‘एफ’ फॉर्म्युलाचा, पहिला फर्ग्युसनचा. हो, तोच हॅरी फर्ग्युसन, ज्याचं आडनाव आपल्या गावोगावच्या मॅसी ट्रॅक्टरवर आहे. गाड्या विकल्या गेल्या जेमतेम ३२०. संगणकवालं एबीएस त्यानंतर बारा वर्षांनी, १९७८ साली, बॉशने बनवून मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये दिलं.

आता त्या संगणकाच्या जागी बसून बघा. प्रत्येक चाकाच्या आत दातांची एक कडी फिरते आणि तिच्याजवळ चुंबकावर गुंडाळलेली तारेची गुंडाळी असते. एकेक दात समोरून गेला की तारेत विजेचा एक बारीक ठोका. समजा कडीला ४८ दात आहेत आणि टायरचा घेर २.४ मीटर आहे. ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला साधारण साडेचारशे ठोके पडतील. माणसाच्या चालीने, ताशी ४ किलोमीटरला, फक्त बावीस, आणि तेही इतके क्षीण की गोंगाटात हरवावेत, कारण या जुन्या सेन्सरमध्ये वेग कमी तसा ठोका दुबळा. म्हणून जुनी एबीएस अगदी कमी वेगात, साधारण ताशी पाच-सात किलोमीटरच्या खाली, हात वर करतात आणि ब्रेक तुमच्या पायावर सोडून देतात.

चार चाकांचे चार आकडे आले. पण चाक किती घसरतंय हे ठरवायला पाचवा आकडा लागतो: गाडी स्वतः किती वेगात आहे? आणि तो आकडा जुन्या एबीएसला कुठूनच मिळत नाही. तो चाकांवरूनच काढावा लागतो. ज्यांच्यावर चोरीचा संशय त्यांनाच तिजोरीचा हिशेब विचारायचा!

तरीही तो निघतो, हीच या यंत्राची खरी करामत. चार साक्षीदार आहेत. तिघे म्हणतात वेग ६०, एक म्हणतो २०, तर तो एक खोटा. शिवाय उलटतपासणीला निसर्गाचा एक नियम हाताशी आहे: साधा टायर कितीही चांगला असला तरी रस्त्यावरची गाडी सेकंदाला साधारण ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त वेग गमावू शकत नाही. एखाद्या चाकाचा वेग डोळ्याचं पातं लवायच्या आत साठावरून शून्यावर आला, तर गाडी थांबलेली नाही, चाक जाम झालंय. सोडा त्याला. हे सगळं इंजिनाच्या धगीशेजारी, धुळीत, ऐंशीच्या दशकातल्या चिपवर चालायचं.

या उलटतपासणीमागे मात्र तीन गृहीतकं आहेत, आणि ती कुणी कुठे लिहून ठेवलेली नसतात. खालची जमीन कडक आहे. चाकं जमिनीला टेकलेली आहेत. आणि रस्ता साधारण सपाट आहे.

कच्च्या रस्त्यावर ही तिन्ही कोसळतात.

पहिलं कोसळतं ते असं. सुट्या खडीवर, वाळूत, मुरमात चाक पार जाम झालं की ते नुसतं घसरत नाही, खणतं. पुढे मातीचा ढीग साठत जातो, चाक त्यात रुततं आणि तो ढीगच पाचरीसारखा गाडीला अडवतो. ब्रेक नसलेल्या सायकलवरचा पोरगा टाच मातीत रोवून थांबतो ना, तसं. डांबरावर जे पाप, तेच मातीत पुण्य! एबीएस मात्र चाक जाम झालेलं दिसताच सोडतं. ढीग साठायच्या आत चाक त्याच्यावरून लोळून पुढे जातं, आणि परत पहिल्यापासून. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा विभागाने नव्वदच्या दशकाच्या शेवटी वेगवेगळ्या पृष्ठभागांवर गाड्या थांबवून पाहिल्या. बहुतेक ठिकाणी एबीएसने गाडी लवकर थांबवली. सुट्या खडीवर मात्र थांबायचं अंतर सरासरी २७ टक्क्यांनी वाढलं.

दुसरं गृहीतक पन्हळी पत्र्यासारख्या झालेल्या कच्च्या रस्त्यावर मोडतं. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात असे रस्ते शेकडो किलोमीटर पसरलेले आहेत, आणि आपल्याकडेही खडीचे ट्रक जिथून जातात तिथे सापडतात. चाक एका वरंब्यावरून उडून पुढच्यावर आदळत असतं. हवेत असताना ब्रेक दाबलेला असेल तर ते क्षणात जाम होतं, कारण त्याला फिरवायला खाली जमीनच नाही. एबीएस म्हणतं, घसरलं, सोडा. आणि चाक जमिनीला लागतं नेमकं तेव्हा ब्रेक सुटलेला असतो.

पण आमची गाडी बांधात गेली ती तिसऱ्या गृहीतकामुळे, आणि यावर मला जरा रेंगाळायचंय. २७ टक्के जास्त अंतर म्हणजे काही गाडी न थांबणं नव्हे. मग ती थांबत का नव्हती? वहीत हिशेब मांडला तेव्हा मी स्वतःच दचकलो.

समजा मुरमावर चाकं जाम करून, ढीग साठवून, गाडीच्या भाराच्या ६० टक्के रोध मिळतो. एबीएसच्या धर-सोडीत तो सरासरी ५० टक्क्यांवर येतो. वेग ताशी २०. सपाट जमिनीवर पहिल्या रीतीने गाडी २.६ मीटरमध्ये थांबेल, दुसऱ्या रीतीने ३.१५ मीटरमध्ये. अर्ध्या मीटरचा फरक, कुणाच्या लक्षातही यायचा नाही. आता तीच गाडी २५ अंशांच्या उतारावर ठेवा. दोन टनांच्या गाडीला इथे पृथ्वी साडेआठशे किलोंच्या जोराने सतत खाली ओढतेय, आणि उतारावर जमिनीवरचा भारही थोडा घटलाय. ब्रेकने मिळवलेल्या रोधातून आधी हा कर वजा होणार, उरेल तेवढ्यानेच गाडी थांबणार. उत्तर येतं: पहिल्या रीतीने १३ मीटर, दुसऱ्या रीतीने ५० मीटरच्या पुढे. रोध आणखी थोडा घटून ४६ टक्क्यांवर आला की तिसरंच उत्तर येतं. गाडी थांबतच नाही. ब्रेक पूर्ण दाबलेला, झडपा इमानाने काम करतायत, आणि वेग वाढतोय.

सपाटीवर ज्याची किंमत एक पाऊल, उतारावर त्याचीच किंमत अख्खा उतार. वजाबाकीचा हा खेळ मी शाळेत दहादा सोडवला असेन, पण तो पायाखाली थरथरताना कधी अनुभवला नव्हता.

फोर-बाय-फोरमध्ये याच्यावर आणखी एक गुंता आहे. कच्च्या रस्त्यावर ड्रायव्हर सेंटर डिफ (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरपेटी) लॉक करतो किंवा फोर-लोमध्ये, म्हणजे संथ आणि जोरकस गिअरांत, गाडी टाकतो, तेव्हा पुढची आणि मागची चाकं लोखंडी दांड्याने एकमेकांना बांधली जातात. एकाला ब्रेक लागला की तो दांड्यामार्फत दुसऱ्यापर्यंत पोचतो. चार साक्षीदार आता एकाच खोलीत बसून जबानी देतायत. चारही चाकं एकदम, एकाच लयीत मंदावली की संगणकाला वाटतं गाडीच मंदावली. खोटं पकडायला कुणी वेगळा उरतच नाही.

म्हणून बऱ्याच जपानी फोर-बाय-फोरमध्ये इंजिनिअरांनी चाकांशी संबंध नसलेला पाचवा साक्षीदार बसवला, गाडीचा वेग कमी होतोय का हे जाणवणारा जी-सेन्सर. काही जुन्या टोयोटांमध्ये तो म्हणजे खाचा पाडलेली एक लोंबती पट्टी असते. ब्रेक लागला की बसमध्ये उभे प्रवासी झुकतात तशी पट्टी पुढे झुलते, तिच्या खाचांतून आरपार जाणारा प्रकाश अडतो किंवा सुटतो, आणि त्यावरून ब्रेक किती जोरात लागलाय ते कळतं. किती साधं! एक लोंबकळती पट्टी चार चाकांचा खोटेपणा पकडते.

आता हीच गाडी नाक खाली करून उतारावर उभी करा. पट्टी पुढे झुलेल. गाडी जागची हललेली नाही, तरी पट्टी सांगणार, जोरात ब्रेक लागलाय. २५ अंशांवर ती जेवढी झुकते, तेवढीच सपाट रस्त्यावर सणसणीत ब्रेक मारल्यावरही झुकते. तिला फरक कळत नाही. कळूच शकत नाही. १९०७ साली बर्नच्या पेटंट कार्यालयात काम करणाऱ्या आइन्स्टाइनला जी गोष्ट सुचली आणि जिला पुढे त्याने आपल्या आयुष्यातला सर्वात आनंदाचा विचार म्हटलं, ती हीच: बंद पेटीत बसलेल्याला गुरुत्वाकर्षणाची ओढ आणि वेगातला बदल यांत भेद करता येत नाही. त्या विचारातून सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत उभा राहिला. आणि त्याच विचारात वेल्ह्याच्या उतारावर आमचा पाचवा साक्षीदार अडकला होता. (आमच्या गाडीत ही पट्टी आहे की नाही, ते काकांनी अजून उघडून पाहिलेलं नाही. पण तेवढ्यासाठी मी आइन्स्टाइनला सोडणार नाही.)

गाड्या बनवणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. रॅली गाजवणाऱ्या जुन्या ऑडी क्वाट्रोला एबीएस बंद करायचं बटण कंपनीनेच दिलेलं होतं. टोयोटाच्या ८० मालिकेतल्या लँड क्रूझरमध्ये सेंटर डिफ लॉक केलं की एबीएस आपोआप बाजूला होतं आणि दिवा लागतो. म्हणजे आमच्या गाडीच्या आधीच्या मालकाने काही अघोरी केलं नव्हतं. कंपनीने दिलं नाही ते त्याने आपलं आपण करून घेतलं, एवढंच. आपल्याकडच्या ऑफ-रोडवाल्यांच्या जुन्या पिढीला तर हा प्रश्नच पडला नाही. जिप्सी असो की महिंद्राची जुनी जीप, एबीएस नव्हतंच, बंद काय करणार? त्यांचा उजवा पाय हाच संगणक.

बटणाची वायर कुठे जाते हे काकांनी दाखवलं तेव्हा मला या यंत्राबद्दल आणखी आदर वाटला. बटण एका रिलेला जोडलंय आणि रिले एबीएसच्या संगणकाचा वीजपुरवठा तोडतो. बस, एवढंच. वीज गेली तर ब्रेक जाणार नाहीत का? नाही, कारण ब्रेकच्या तेलाच्या वाटेवरची झडप स्प्रिंगने उघडीच राहील अशी बनवलेली असते आणि तेल परत सोडणारी झडप स्प्रिंगने बंद. वीज लागते ती ब्रेक अडवायला आणि सोडायला, लावायला नव्हे. वीज गेली, संगणक मेला, वायर उंदराने कुरतडली, काहीही होवो, झडपा आपल्या जागी येऊन बसतात आणि तुमच्या पायापासून चाकापर्यंत जुना सरळ रस्ता मोकळा होतो. बिघडल्यावर वाटेतून बाजूला व्हायचं, हे या यंत्राच्या हाडातच घातलेलं आहे.

इथे काकांनी बोट वर केलं. ‘पण हे सगळ्या गाड्यांना लागू नाही हां, दादा.’ काही गाड्यांमध्ये ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालत नाही, विजेच्या पंपावर चालतो, आणि तो पंप एबीएसच्याच डब्याला जोडलेला असतो. तिथे घाईत चुकीचा फ्यूज ओढला तर एबीएसबरोबर ब्रेकचा जोरही जातो, आणि दोन टनांची गाडी नुसत्या पायाच्या ताकदीवर थांबवायची वेळ येते. नंतरच्या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा हेही एबीएसचाच संगणक ठरवतो. तो झोपला की मागची चाकं आधी जाम होऊन गाडी गिरकी घेऊ शकते. त्यामुळे आपल्या गाडीचं मॅन्युअल न वाचता फ्यूजच्या डब्यात हात घालणं म्हणजे अंधारात विंचू शोधणं.

बटणात एक शहाणपणही होतं, जे मला आधी दिसलं नव्हतं. गाडी बंद करून चावी परत फिरवली की बटण कुठेही असो, एबीएस चालूच होतं. बंद हवं असेल तर बटण एकदा डांबराकडे नेऊन पुन्हा मातीकडे आणावं लागतं. रानातून परतताना माणूस विसरणार, हे त्या अनोळखी मालकाने धरून चाललेलं होतं. चिकटपट्टीवरच्या त्या अक्षराला मी मनोमन हात जोडले.

पुढच्या रविवारी आम्ही परत त्याच उताराच्या माथ्यावर उभे होतो. या वेळी काका मागच्या सीटवर. त्यांची पहिली आज्ञा बटणाबद्दल नव्हतीच. ‘आधी फोर-लो. पहिला गिअर. आणि पाय ब्रेकवरून काढ.’

लो रेंज आणि पहिला गिअर मिळून अशा गाडीत इंजिनाच्या साधारण चाळीस फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. इंजिन हजार फेऱ्यांवर गुरगुरत असेल तर चाक मिनिटाला पंचवीसच फेऱ्या घेणार, म्हणजे ताशी साडेतीन किलोमीटर. शेतावरून घरी परतणारी म्हातारी याहून भरभर चालते. इथे गाडीला इंजिन अडवतं, आणि इंजिनाचा हा रोध चारही चाकांवर सारखा वाटला जातो, कुठलंच चाक जाम न करता. घाटात ट्रकवाले पोरांना दटावतात, गाडी गिअरमध्ये उतरव, न्यूट्रल मारू नको, त्याचंच हे टोक. आमची पहिली चूक बटणाची नव्हतीच, दुसऱ्या गिअरची होती.

‘आता बटण मातीकडे.’ पिवळा दिवा लागला. गाडी माथ्यावरून नाक खाली करून उतरू लागली. इंजिनाने सूर लावला, सीटबेल्टने छातीला धरलं. मध्यावर, जिथे मुरूम घोट्याइतका सैल होता, तिथे गाडी थोडी वाहू लागली. मित्राने हलकेच ब्रेक दाबला. या वेळी कर्रर्र नाही, पेडलची उलट लाथ नाही. खरखर आवाज आला, पुढच्या चाकांसमोर मातीचा ढीग उभा राहताना मला खिडकीतून दिसला, आणि गाडी एखाद्या हट्टी म्हशीसारखी जागच्या जागी बसू लागली.

‘सोड, सोड!’ काका ओरडले. कारण जाम चाकांवर गाडी थांबते खरी, पण पूर्ण थांबण्याआधी मागचा भाग जरा जरी बाजूला सरकला तर ती उतारावर आडवी होते, आणि आडवी गाडी कोलांटी खाते. तिथे ब्रेक सोडावा लागतो, वेळप्रसंगी उतारावर किंचित ॲक्सिलरेटरही द्यावा लागतो, म्हणजे चाकं फिरू लागतात आणि स्टिअरिंग जिवंत होतं. घसरणाऱ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबायचा, हे शरीराला पटायला वेळ लागतो. मित्राच्या कपाळावर घाम होता. ब्रेक किंचित दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. माझ्या लक्षात आलं, एबीएस बंद करून आम्ही एबीएसचंच काम पायाने करत होतो. फरक इतकाच की पायाला खालचा मुरूम दिसत होता.

पुढच्या पिढीच्या यंत्रांनाही तो दिसू लागला. १९९७ साली लँड रोव्हरने फ्रीलँडर आणली तेव्हा त्यात लो रेंज नव्हतीच. त्याऐवजी एक बटण होतं, तीव्र उतारावर दाबायचं. दाबल्यावर एबीएसच्या त्याच झडपा, तेच सेन्सर आणि पंप ड्रायव्हरने ब्रेकला पाय न लावता एकेक चाक आळीपाळीने धरत गाडी मुंगीच्या चालीने खाली आणायचे. ज्या यंत्राला उतारावर गप्प करावं लागायचं, तेच उतार उतरवू लागलं. आताच्या बऱ्याच गाड्यांच्या ऑफ-रोड मोडमध्ये एबीएस चाकाला मुद्दाम थोडा जास्त वेळ जाम राहू देतं, पुढे ढीग साठावा म्हणून. मोटारसायकलींतही ते आलंय. २०२०च्या हिमालयनला मागच्या चाकाचं एबीएस बंद करायचं बटण रॉयल एनफिल्डने स्वतःच दिलं. पुढचं मात्र चालूच राहतं. दुचाकीचं पुढचं चाक मातीत जाम झालं तर चालक कुठे जातो, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

खाली ओढ्याशी पोचलो तेव्हा काकांनी पान जुळवलं. मित्राने गाडी बंद करून पाच मिनिटं नुसतं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मग ओढा ओलांडून, बांधाच्या कडेकडेने आम्ही डांबरी रस्त्याला लागलो. गाडी परत सुरू केल्यापासून पिवळा दिवा विझलेला होता, पण मित्राने बटणही डांबराकडे करून ठेवलं. गाडीने जरासा वेग धरला आणि पायाखालून एक बारीक ‘टक्’ ऐकू आलं. मी दचकून काकांकडे बघितलं.

‘काही नाही,’ पानाची पिंक खिडकीबाहेर टाकत काका म्हणाले, ‘एबीएस स्वतःच्या झडपा वाजवून बघतंय. रोज चावी फिरवली की पहिल्या वेगाला एकदा वाजवून बघतं. तुम्हाला आजच ऐकू आलं.’